खुबा, खो-खो आणि मी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात आपल्या एका वर्गमैत्रिणीने केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन करताना बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



काल नावनोंदणीच्या टेबलापासून जेवणाच्या रांगेपर्यंत मला एकच प्रश्न किमान वीस वेळा विचारला गेला. "अगं, ही काठी कधीपासून?" एकीनं तर "अगं बाई, तू?" म्हणून गालावर हातच ठेवला. तिचं बरोबर आहे. तिच्या डोळ्यांपुढे खुंटाला वळसा मारून पळणारी मी होते. शेवटी रात्री संयोजक म्हणाले, "वीस जणांना वीस वेळा सांगण्यापेक्षा उद्या सकाळी माइकवरून एकदाच सांगून टाक." म्हणून मी इथे उभी आहे.

सुरुवातीलाच सांगते, मी डॉक्टर नाही. आपल्या बॅचमध्ये डॉक्टर आहेत, ते समोर बसलेत, मी चुकले तर त्यांनी हात वर करावा. मी ३८ वर्षं पोस्टात नोकरी केली. मनीऑर्डरी, बचत खाती, पेन्शन. त्यामुळे मला हिशेब कळतो. आज मी तुम्हाला एका सांध्याचा हिशेब सांगणार आहे.

माझ्या डाव्या खुब्याला संधिवात आहे. झिजेचा. अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरू झाला, आता पासष्ट संपलं. पण मला तो ओळखायलाच वर्ष लागलं. का? कारण माझा गुडघा दुखायचा! मी गुडघ्याला तेल लावलं, गुडघ्याला पट्टा बांधला, गुडघ्याचा एक्स-रे काढला. गुडघा चक्क चांगला निघाला. त्याच काळात इतरही काही बारीकसारीक गोष्टी होत होत्या. डाव्या पायाची नखं कापता येईनात. परकर घालताना डावा पाय उचलायला भिंतीचा आधार लागायला लागला. हळदीकुंकवाला मांडी घालून बसले की उठताना जांघेत कळ यायची. एस.टी.ची पायरी चढताना मागचा माणूस "चला मावशी" म्हणायचा. मी त्या सगळ्याला "वय झालं" असं एकच नाव देऊन मोकळी झाले होते.

शेवटी एका अस्थिरोगतज्ज्ञांनी मला उताणं झोपवलं, पाय गुडघ्यात दुमडून आतल्या बाजूला वळवला आणि मी ओरडले. ते म्हणाले, "दुखणं खुब्याचं आहे, पत्ता गुडघ्याचा लिहिलाय." पोस्टातल्या बाईला हे लगेच समजलं. खुब्याची आणि गुडघ्याची खबर मेंदूकडे नेणाऱ्या नसा काही अंशी एकच आहेत, म्हणून मेंदूची फसगत होते. आणखी एक लक्षात ठेवा. खुबा दुखतो म्हटलं की आपण कमरेच्या बाजूला, कुल्ल्यावर हात ठेवतो. पण तो सांधा आत खोल आहे. त्याचं दुखणं बहुधा जांघेत येतं. तेव्हा जांघ दुखते, मोजे घालता येत नाहीत, गाडीतून उतरताना पाय बाहेर काढायला त्रास होतो, असं असेल तर नुसता गुडघा चोळत बसू नका.

मला पहिला प्रश्न पडला तो हा की, खो-खोमुळे झालं का? डॉक्टर म्हणाले, तसं एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. वय, आनुवंशिकता, वजन, जुनी दुखापत, वर्षानुवर्षं ओझी उचलण्याचं काम आणि सांध्याचा जन्मतःचा आकार, अशी बरीच कारणं असतात. माझ्या खुब्याची वाटी जन्मापासूनच थोडी उथळ आहे. आता आपण सगळे आजी-आजोबा आहोत, म्हणून जाता जाता सांगते. तान्ह्या बाळाचे पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळून ठेवू नका, वाढत्या खुब्याला ते चांगलं नाही. त्याउलट बाळाला कडेवर घेतो तेव्हा त्याचे पाय दोन बाजूंना फाकलेले असतात, ती बैठक खुब्याला मानवते. आपल्या आज्यांनी काही गोष्टी बरोबर केल्या होत्या.

तर निदान झालं. आणि इथून माझी चूक सुरू झाली. ती सांगायलाच मी उभी राहिले आहे.

घरीदारी सगळ्यांनी एकच सल्ला दिला, "जप." एका दवाखान्यातही ऐकलं, "जिने बंद, चालणं कमी, सांधा जितका वापराल तितका झिजेल." मला ते पटलं. चपलेचा तळ झिजतो, सायकलचा टायर झिजतो, तसाच सांधा. जेवढा कमी वापरू तेवढा जास्त दिवस पुरेल. पोस्टातल्या माणसाला शिल्लक टाकायची सवयच असते!

मी रोज पहाटे चार भिंतीपर्यंत जायची, ते बंद केलं. रविवारी अजिंक्यतारा चढायची, तो बंद. पोवई नाक्यावरून राजवाड्यापर्यंत भाजीला चालत जायची, त्याला रिक्षा. वरच्या मजल्यावरचा पलंग खाली आणला. त्यातच २०२० साल उजाडलं, मी निवृत्त झाले आणि टाळेबंदी लागली. आता तर बसायला सरकारचीही परवानगी होती. दीड वर्ष मी अक्षरशः बसून काढलं. वजन ५८ किलोवरून ६७ वर गेलं. दुखणं कमी झालं का? अजिबात नाही. आधी दोन किलोमीटर चालल्यावर दुखायचं, ते आता बाथरूमपर्यंत जाताना दुखायला लागलं. मी त्याचाही अर्थ असा काढला की, अजून जास्त जपायला हवं.

मग २०२१च्या पावसाळ्यात एका रात्री काय झालं ते सांगते.

आई माझ्याकडेच असायची. तेव्हा ती ८६ वर्षांची होती. रात्री दोनच्या सुमाराला धप्पकन आवाज आला. आई पलंगावरून उतरताना घसरून खाली बसली होती. लागलं काही नव्हतं, पण तिला उठता येईना. मी धावले... धावले कसली, भिंत धरत गेले. तिच्या काखेत हात घालून उचलायचं म्हणजे मला गुडघ्यात वाकून खाली जायला हवं. मी खाली जाऊ शकले नाही. खुर्ची धरून अर्धी वाकले, आणि मग मलाच वर येता येईना. दोघी तशाच. ती जमिनीवर, मी खुर्चीला लटकलेली. शेजारच्यांना फोन केला, त्यांचा मुलगा येईपर्यंत वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांत आई स्वतःचं सोडून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "तुला गं काय झालंय? तू तर खो-खो खेळायचीस."

शहाऐंशी वर्षांच्या बाईनं एकसष्ट वर्षांच्या मुलीची कीव करावी, ही गोष्ट मला सहन झाली नाही. दुसऱ्या आठवड्यात मी फिजिओथेरपिस्टकडे गेले.

ती मुलगी माझ्या लेकीपेक्षाही लहान. तिनं टेप घेऊन माझ्या दोन्ही मांड्या मोजल्या. डावी मांडी उजवीपेक्षा तीन सेंटिमीटर बारीक भरली. मग तिनं जे वाक्य उच्चारलं ते मी घरी जाऊन कॅलेंडरवर लिहून ठेवलं. ती म्हणाली, "काकू, तुम्ही सांध्याला जपलं नाहीत. उपाशी ठेवलंत."

तिनं समजावलं ते असं. खुबा म्हणजे वाटी आणि गोळा. कमरेच्या हाडात वाटी, मांडीच्या हाडाच्या टोकाला गोळा. दोन्हींवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. मग तिला अन्न कोण देतं? सांध्यात जो वंगणासारखा द्रव असतो, तो. आणि तो कूर्चेत कसा शिरतो? भांडी घासायचा स्पंज आठवा. दाबला की पाणी बाहेर, सोडला की आत. पाऊल टाकलं की कूर्चा दाबली जाते, उचललं की सुटते. हालचाल थांबली की हा पंप थांबला. चपलेचा तळ जिवंत नसतो, म्हणून तो वापरला की फक्त झिजतो. सांधा जिवंत आहे. माझ्या हिशेबातली चूक ही होती.

दुसरी गोष्ट वजनाची आणि स्नायूंची. आपण चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला क्षणभर एकाच पायावर उभे असतो. त्या क्षणी त्या खुब्यावर किती भार येत असेल? मी म्हटलं, माझं वजन ६७, म्हणजे ६७ किलो. ती हसली. साधारण अडीच ते तीन पट भार येतो. कारण खुबा म्हणजे तराजूचा मधला काटा. एका बाजूला सगळं धड, तेही काट्यापासून लांब. दुसऱ्या बाजूला कुल्ल्याचे स्नायू, ते काट्याच्या अगदी जवळ. जवळून तोल सांभाळायचा तर जोर जास्त लावावा लागतो, आणि तो सगळा जोर सांध्यावरच दाबतो. म्हणून वजन एक किलो उतरलं तरी खुब्याला ते दोन-तीन किलोंसारखं जाणवतं. आणि हे बाजूचे स्नायू दुबळे झाले की माणूस डुलत, हेलपाटत चालायला लागतो. मी दीड वर्ष बसून नेमके तेच स्नायू घालवले होते.

आता काठी. काल तुमच्यापैकी तिघांनी मला सांगितलं, "अगं, तुझा डावा पाय दुखतो ना, मग काठी उजव्या हातात का?" मीही आधी डाव्याच हातात धरायचे. दुखऱ्या बाजूला आधार द्यावा, असं कुणालाही वाटतं. पण तराजू आठवा. काठी विरुद्ध हातात धरली की ती लांबून तोल सांभाळते, स्नायूंना कमी ओढावं लागतं, सांध्यावरचा दाब उतरतो. तेव्हा काठी नेहमी चांगल्या बाजूच्या हातात, आणि ती दुखऱ्या पायाबरोबर पुढे पडली पाहिजे. उंची अशी की, हात खाली सोडला तर मूठ मनगटाशी यावी. जिन्याचा नियमही सोपा आहे. वर जाताना धड पाय आधी, खाली येताना काठी आणि दुखरा पाय आधी. आणि काठीची लाज? ती सोडा. काठी घेऊन मी तीन किलोमीटर चालते, काठीशिवाय दारापर्यंत जात होते. लाज कशाची वाटायला हवी, सांगा.

व्यायाम काय केले ते सांगते, पण तुम्ही ऐकून लगेच सुरू करू नका. प्रत्येकाचा सांधा वेगळा, कुणाला तरी दाखवून घ्या. माझे असे होते. उताणं झोपून गुडघे दुमडून कंबर उचलायची. कुशीवर झोपून गुडघे दुमडून वरचा गुडघा शिंपल्यासारखा उघडायचा. ओट्याला धरून उभं राहायचं आणि पाय बाजूला, मग मागे न्यायचा. खालच्या पायरीवर चढायचं आणि उतरायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचा, खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं. पहिल्या दिवशी मला उंच खुर्चीवरूनही तीनदाच उठता आलं. एके काळी मी आठ जणींच्या रांगेत उकिडवी बसून खो मिळताच उसळायची, आणि आता खुर्चीवरून तीनदा! त्या दिवशी घरी येऊन रडले, हे खरं आहे.

त्याशिवाय घरातली स्थिर सायकल, दहा मिनिटं. सीट उंच ठेवायची, म्हणजे खुबा फार दुमडत नाही. नंतर पाण्यातलं चालणं. छातीइतक्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर शरीराचं वजन निम्म्याहूनही कमी येतं. मैत्रिणींनो, एकसष्टाव्या वर्षी पोहण्याचा पोशाख विकत घ्यायला गेले तेव्हा दुकानदारानं विचारलं, "नातीसाठी का?" मी म्हटलं, "नातीच्या आजीसाठी." पाण्यात गेल्यावर अडीच वर्षांनी पहिल्यांदा मी न लंगडता चालले. तेवढ्यासाठी दुकानदाराचं हसू परवडलं.

पण दुखत असताना व्यायाम करायचा कसा? हा खरा प्रश्न आहे आणि याचं उत्तर कुणी नीट देत नाही. मला त्या मुलीनं वेदनेचे आकडे शिकवले. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य. व्यायाम करताना चार-पाचपर्यंत दुखलं तर चालेल. अट एकच, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पुन्हा नेहमीच्या पातळीवर यायला हवं. नाही आलं, तर व्यायाम बंद नाही करायचा, थोडा कमी करायचा. मी कालनिर्णयवर जिथे दुधाचा हिशेब लिहायचे, तिथे हे आकडे लिहायला लागले. "दूध एक लिटर, खुबा चार." दुखणं म्हणजे दर वेळी नुकसान नव्हे, हे त्या चौकोनांनी मला शिकवलं. जास्त केलेल्या दिवसापेक्षा काहीच न केलेल्या तीन दिवसांनंतरचा आकडा मोठा असायचा.

पहिले सहा आठवडे काही फरक पडला नाही. सोडून द्यावंसं वाटायचा काळ तोच. आठव्या आठवड्यात एका सकाळी मी पलंगावर बसून डाव्या पायाची नखं कापली. स्वतः. आईला बोलावून दाखवली!

हे माझं एकटीचं वेड नाही बरं का. डेन्मार्कमध्ये २०१३पासून 'ग्लॅड' नावाचा कार्यक्रम चालतो, खास खुब्याच्या आणि गुडघ्याच्या संधिवातासाठी. आधी आजार समजावून सांगायचा आणि मग आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे, देखरेखीखाली व्यायाम. पुढे तो इतर अनेक देशांनी घेतला. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी 'नाइस' ही संस्था आहे. तिनं २०२२मध्ये या आजाराबद्दल सांगितलं की, व्यायाम हा सगळ्या रुग्णांसाठी मूळ उपचार आहे, सुरुवातीला थोडं दुखेल हे त्यांना सांगा, आणि वजन जास्त असेल तर ते उतरवायला मदत करा. त्याच संस्थेनं ग्लुकोसामाइनच्या गोळ्या देऊ नका असंही म्हटलंय. काल चहाच्या वेळी ज्यांनी मला त्या गोळ्यांची डबी दाखवली, त्यांच्याकडे मी आत्ता मुद्दाम बघत नाहीये.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर दोन वाक्यं. दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या मनानं महिनोन्‌महिने घेऊ नका. आपल्या वयात पोट, मूत्रपिंडं, रक्तदाब हे सगळे त्याची किंमत मोजतात. आणि सांधेदुखीवर कुणीतरी देतं त्या बिननावाच्या पुड्या तर मुळीच नकोत. त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, आणि जास्त दिवस पोटात गेलेलं स्टेरॉइड हे खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याचं एक कारण आहे. म्हणजे ज्या सांध्यासाठी घेतलं, तोच गेला. आणखी एक, पायावर अचानक भारच देता येईना, पडल्यावर जांघेत तीव्र कळ आली, ताप येऊन सांधा दुखला, तर व्यायाम नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

घरातल्या गोष्टी मी बदलल्या. खुर्ची अशी की, बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा खाली राहतील. संडास कमोडचा. बुटांसाठी लांब दांड्याचा चमचा. खाली मांडी घालून बसायचा हट्ट सोडला. सत्यनारायणाला खुर्चीवर बसले तर देव रागावत नाही, याची मी खात्री करून घेतली आहे. योगवर्गात पद्मासन आणि उकिडवं बसणं सोडून बाकी जमेल ते करते. सूर्यनमस्कार घालते, पण पाय दोन्ही हातांच्या मध्ये आणायचा तिथे खुर्चीवर हात टेकून घालते. कुणी हसलं तर हसू दे.

आता शस्त्रक्रियेबद्दल, कारण काल तेही बऱ्याच जणांनी विचारलं. मी तिच्या विरोधात नाही. इंग्लंडमध्ये लँकेशायरमधल्या राइटिंग्टनच्या रुग्णालयात जॉन चार्नली या शल्यविशारदानं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कृत्रिम खुबा बसवण्याची पद्धत बसवून दिली, आपण तेव्हा रांगत होतो. आज बसवलेल्या खुब्यांपैकी निम्म्याहून अधिक २५ वर्षं टिकतात असं दिसलंय. टेनिसपटू अँडी मरेचा खुबा खराब झाला. २०१९च्या जानेवारीत त्यानं त्यावर धातूचं आवरण बसवून घेतलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अँटवर्पची स्पर्धा जिंकली. आपल्याच वर्गातल्या एका मित्राचा खुबा बदललाय. काल रात्री तो कसा नाचला ते सगळ्यांनी पाहिलं!

तेव्हा रात्रीची झोप मोडायला लागली, बसल्या जागीही दुखायला लागलं, आणि नीट व्यायाम करूनही आयुष्य घराच्या चौकटीत आक्रसलं, तर भीतीपोटी ढकलत बसू नका. मलाही कदाचित करावी लागेल. गेल्या वर्षीचा माझा एक्स-रे आधीपेक्षा थोडा वाईटच आहे. तरी मी आधीपेक्षा जास्त चालते. एक्स-रे आणि माणूस यांचं नेहमी जुळतंच असं नाही. आणि शस्त्रक्रिया ठरली तरी मांडीत ताकद असलेला माणूस आधी उठून चालायला लागतो. म्हणजे केलेला व्यायाम कुठल्याच खात्यातून वाया जात नाही.

आईचं सांगायचं राहिलं. त्या रात्रीनंतर सुमारे आठ महिन्यांनी ती पुन्हा एकदा बाथरूमच्या दाराशी घसरून बसली. या वेळी मी उंबऱ्याशी उजवा गुडघा टेकला, तिच्यापुढे स्टूल सरकवलं, तिचे हात माझ्या खांद्यावर घेतले आणि दोघी एकदम उठलो. तिनं काही म्हटलं नाही. मीही काही म्हटलं नाही. मी तिच्यासाठी चहा टाकला. पुढे अडीच वर्षं, अगदी शेवटपर्यंत, तिला मीच उठवलं, मीच बसवलं, मीच न्हाऊ घातलं. त्या मधल्या दीड वर्षासारखीच मी बसून राहिले असते, तर हे दुसऱ्या कुणाला तरी करावं लागलं असतं. माझ्या खुब्याच्या हिशेबात जमेच्या बाजूला एवढी एकच रक्कम असती, तरी मला पुरे होती.

दुपारी आपला अजिंक्यताऱ्याचा कार्यक्रम आहे. मी खालपासून चढणार नाही, ते माझ्याच्यानं आता होत नाही आणि त्याचं मला थोडं वाईटही वाटतं. दरवाजाजवळ गाडीनं जाईन आणि तिथून मंगळाई देवीपर्यंत काठी टेकत चालेन. ज्यांनी काल "तुम्ही जा, आम्ही खाली बसतो" असं सांगितलंय, त्या सात-आठ जणांनी माझ्याबरोबर यावं. आपण सगळ्यांत मागे चालू, वाटेत तीनदा बसू. बसायला हरकत नाहीच. फक्त पुन्हा उठायचं.

आपले पी.टी.चे सर आज असते तर ९० वर्षांचे असते. मैदानावर ते एकच वाक्य ओरडायचे, "खो मिळाला की उठायचं, विचार नंतर करायचा!" त्यांचा मान म्हणून, भाषण संपवण्याआधी एक करूया. ज्यांना शक्य आहे त्यांनी हात छातीवर घ्या. खुर्चीचे हात धरायचे नाहीत. ज्यांना जमणार नाही त्यांनी खुशाल धरा, शेजाऱ्याचा खांदाही धरा. पाच वेळा उठायचं, पाच वेळा सावकाश बसायचं. धपकन नाही, सावकाश. मीही करते, माझी खुर्ची जरा पुढे आणा.

तयार?

खो!